काळबादेवी-भुलेश्वर बाजारपेठ : रचना, व्यवहार आणि वारसा

प्रस्तावना

मुंबईच्या आर्थिक इतिहासाचे विवेचन बहुधा गोदी, कापड गिरणी आणि कोट विभागातील बँका यांच्याभोवती केंद्रित झालेले आढळते. या तिन्हींशी निगडित असलेला देशी व्यापार मात्र मोठ्या प्रमाणावर क्रॉफर्ड मार्केट ते भुलेश्वर या चिंचोळ्या पट्ट्यात चालत आला. हा पट्टा रमतगमत चालले तरी तासाभरात संपतो. शहर प्रत्यक्ष पाहून त्याचे वर्णन लिहिण्याची परंपरा मराठीला नवी नाही. गोविंद नारायण माडगावकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ सालीच प्रसिद्ध झाले. प्रस्तुत लेखात तीन प्रश्नांचा विचार केला आहे. ही पेठ येथेच का वसली? एकाच मालाची दुकाने एकाच गल्लीत का आढळतात? आणि आज पुनर्विकासाच्या निमित्ताने नेमके काय पणाला लागले आहे?

पेठेची जडणघडण

अठराव्या शतकात मुंबईचा व्यापार प्रामुख्याने तटबंदीच्या आत चालत असे. तटाबाहेर तोफांच्या माऱ्यासाठी मैदान मोकळे ठेवले जाई. मुंबादेवीचे मूळ देऊळ याच कारणाने हलविले गेले आणि सध्याच्या जागी आले. फेब्रुवारी १८०३ मधील भीषण आगीत कोटातील देशी वस्तीचा मोठा भाग जळाला. त्यानंतर मैदानापलीकडे वस्ती करण्यास सरकारने उत्तेजन दिले आणि व्यापारी कुटुंबे उत्तरेकडे सरकली. त्या भागात देवळे, तलाव आणि वाड्या पूर्वीपासून होत्याच; त्यांच्याभोवती पेठ दाट होत गेली. शेख मेमन रस्त्यावरील जामा मशीद १८०२ साली पूर्ण झाली. तिच्या तळाशी जुन्या तलावाचे पाणी आजही आहे. मुंबादेवीचा तलाव मात्र बुजला आणि धोबीतलावाचे तर केवळ नाव उरले.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव भडकले आणि शहरात अमाप पैसा आला. युद्ध संपताच भाव कोसळून अनेक पेढ्या बुडाल्या. तथापि, याच दशकात कोटाचा तट पाडला गेला आणि १८६९ मध्ये विल्यम इमर्सन यांनी आराखडा केलेली क्रॉफर्ड मार्केटची इमारत उभी राहिली. आजची महात्मा जोतिबा फुले मंडई ती हीच. इंग्रजी कोट आणि देशी पेठ यांच्या सांध्यावर ती उभी आहे. येथून उत्तरेकडे वळताच रस्त्याची रुंदी आणि पाट्यांची भाषा दोन्ही बदलतात.

गल्ली आणि तिचा माल

शेख मेमन रस्त्याने जाताना मंगलदास मार्केट, मूळजी जेठा मार्केट आणि झवेरी बाजार ओळीने लागतात. आजूबाजूस लोहार चाळीत विजेचे सामान, तांबाकाट्यावर भांडी, नागदेवीत हत्यारे व यंत्रांचे सुटे भाग, तर प्रिन्सेस स्ट्रीटवर औषधे व रसायने अशी विभागणी दिसते. प्रतिस्पर्ध्याच्या शेजारीच दुकान थाटणे वरकरणी तोट्याचे वाटते. परंतु ग्राहकाला दहा दुकाने पाहून भाव ताडता येतो, म्हणून तो याच गल्लीत येतो. दुकानदाराला कमी पडलेला माल शेजाऱ्याकडून मागविता येतो. कारागीर आणि सुट्या वस्तूंचे पुरवठादार हाकेच्या अंतरावर राहतात. अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० मध्ये उद्योगांच्या स्थानिक एकत्रीकरणाची जी कारणमीमांसा केली, तिचे प्रात्यक्षिकच येथे पाहावयास मिळते.

या रचनेचा दुसरा पदर उभा आहे. झवेरी बाजारात तळमजल्यावर झगमगती दुकाने, तर वरच्या मजल्यांवर दागिने घडविणारे, जडाव करणारे, झिलई देणारे कारागीर दाटीवाटीने बसतात. त्यांत बंगाली कारागिरांची संख्या मोठी आहे. एकच दागिना पूर्ण होण्यापूर्वी अनेक हातांतून जातो. कामाच्या जागेतील केर-राखही वाया जात नाही. ती धुऊन सोन्याचे कण वेगळे करणाऱ्या झारेकऱ्याचा धंदा त्यावरच चालतो.

पत आणि श्रम

पेठेचे खरे भांडवल म्हणजे पत होय. परगावचा व्यापारी माल उधारीवर नेतो, तेव्हा त्याच्या नावाची खात्री दलाल किंवा अडत्या देतो. रोख रक्कम न हलविता देणे फेडण्यासाठी हुंडी वापरात आली. दाखविताच रक्कम मिळावयाची ती दर्शनी हुंडी आणि ठरावीक काळाने मिळावयाची ती मुदती हुंडी. परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ मध्येही देशी भाषांतील अशा दस्तऐवजांसंबंधीची स्थानिक रूढी राखून ठेवण्यात आली. ज्या व्यवहाराचा आधार नावलौकिक असतो, तेथे रोजची समोरासमोर गाठभेट ही चैन नसून गरज असते.

पतीइतकाच आधार श्रमाचा आहे. अरुंद गल्ल्यांत शेवटच्या टप्प्यावर माल हातगाडीने किंवा डोक्यावरूनच जातो. अंगमेहनतीच्या या कामाला १९६९ च्या माथाडी कायद्याने संरक्षण मिळाले आणि कामगारांची नोंदणी, मजुरी व भविष्यनिर्वाह निधी यांची व्यवस्था मंडळांकडे आली. पेठेच्या वर्णनांत सावकार आणि शेठ ठळकपणे येतात, हमाल मात्र क्वचितच येतो.

स्थलांतराचा अनुभव

सर्वच व्यापार येथे टिकला नाही. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत कांदा-बटाटा, धान्य, फळे व भाजीपाला यांचा घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने वाशीला गेला. जवळच्या ऑपेरा हाउस भागातील हिऱ्यांचा बराच व्यवहार २०१० नंतर वांद्रे-कुर्ला संकुलात गेला. अवजड मालाला ट्रक आणि गोदामे लागतात, म्हणून तो प्रथम हलला. निर्यातप्रधान हिरे-व्यापाराला सुरक्षित आवार व सीमाशुल्काची सोय एकत्र हवी होती. कारागिरांच्या साखळीवर अवलंबून असलेला दागिन्यांचा धंदा मात्र २००३ व २०११ च्या बॉम्बस्फोटांनंतरही येथून उठला नाही.

भाडे, धोका आणि वारसा

इमारतींच्या दुरवस्थेचे एक प्रमुख कारण भाडेनियंत्रणात आहे. १९४७ च्या कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधली गेली. भाड्यातून दुरुस्तीचा खर्च निघेना, म्हणून मालक उदासीन झाले आणि पागडीचा व्यवहार वाढला. १९९९ च्या कायद्याने पागडीला मान्यता व भाड्यात वार्षिक चार टक्के वाढ दिली. पण मूळ भाडेच नगण्य असल्याने फरक अल्प पडला. दुसऱ्या बाजूने पाहता, याच स्वस्त भाड्यामुळे लहान दुकानदार आणि कारागीर शहराच्या मध्यभागी टिकून राहिले. मे २०१५ मध्ये काळबादेवीतील एका जुन्या इमारतीच्या आगीत अग्निशमन दलाच्या चार अधिकाऱ्यांचे प्राण गेले. ऑगस्ट २०१७ मध्ये नजीकच्या भेंडी बाजार परिसरातील इमारत कोसळून तीसहून अधिक माणसे दगावली. त्यामुळे ‘जसे आहे तसे ठेवा’ ही भूमिका घेणे रहिवाशांवर अन्याय करणारे ठरेल.

मात्र पुनर्विकासाच्या आराखड्यात प्रत्येक गाळ्याचे क्षेत्रफळ मोजले जाते. गाळ्यांमधील परस्परसंबंध मोजले जात नाहीत. संक्रमणकाळात दुकानदार एकीकडे आणि कारागीर दुसरीकडे गेल्यास साखळी तुटते, आणि नव्या इमारतीत जागा मिळूनही धंदा परत येईलच असे नाही. वारसाविषयक दृष्टीही अपुरी पडते. मुंबईतील व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको वास्तुसमूहाला २०१८ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, ती ओव्हल मैदानाभोवतीच्या इमारतींना. काळबादेवी त्या सीमेबाहेर आहे. इमारतीची शैली हाच निकष मानल्यास व्यवहाराचा वारसा यादीत येत नाही.

समारोप

जुनी व्यापारी पेठ ही जागा, पत, श्रम आणि भाडे यांची परस्परावलंबी व्यवस्था आहे, असे वरील विवेचनावरून स्पष्ट होते. तिच्या पुनर्रचनेत सुरक्षित इमारतींइतकेच महत्त्व व्यवसाय-साखळ्यांच्या नकाशाला मिळाले पाहिजे. येथे महाविद्यालयांना निश्चित वाव आहे. इतिहास, अर्थशास्त्र, भूगोल व वाणिज्य विभागांनी एकत्रितपणे गल्लीनिहाय सर्वेक्षण करावे. जुन्या वह्या, भाडेपावत्या व व्यापारी मंडळांची इतिवृत्ते यांची नोंद घ्यावी. दुकानदारांबरोबरच कारागीर व हमाल यांच्या मुलाखती जतन कराव्यात. काळबादेवीला २०२५ पासून भुयारी मेट्रोचे स्थानक आहे. तेथील जमिनीवरील विकासाचा दबाव यापुढे वाढत जाण्याची शक्यता असल्याने हे काम इमारती पडण्यापूर्वी होणे आवश्यक आहे.