अकरा हजार दिव्यांत मावलेलं शहर

मोबाइलवर फुल एचडी व्हिडिओ बघताना आपल्यासमोर 1920 गुणिले 1080, म्हणजे 20 लाख 73 हजार 600 ठिपक्यांचं चित्र असतं. तरीही ते जरा धूसर आलं की आपण कुरकुरतो. आता सॅन फ्रान्सिस्कोचा सेल्सफोर्स टॉवर बघा. 2018 साली उघडलेली ही 61 मजली, 326 मीटर उंचीची इमारत त्या शहरातली सर्वांत उंच. तिच्या माथ्यावर रात्री हलती चित्रं उमटतात. कधी समुद्राच्या लाटा, कधी सरकणारे ढग, कधी रस्त्यावरची वर्दळ, कधी नाचणारी माणसं. खाडीपलीकडच्या ओकलंड-बर्कलीतूनही ती दिसतात. बे एरियातल्या मराठी मंडळींना तर हा टॉवर आता रोजच्या ओळखीचा झाला आहे. पण या चित्रांसाठी माथ्यावर दिवे आहेत तरी किती? सुमारे 11 हजार. मोबाइलच्या पडद्यावरच्या ठिपक्यांच्या दोनशेव्या हिश्श्याहून जेमतेम जास्त!

एवढ्याशा दिव्यांत अख्खं शहर कसं मावतं? याचं उत्तर शोधत गेलं, की इमारतीपेक्षा आपल्याच डोळ्यांचं नवल वाटायला लागतं.

ही कलाकृती जिम कॅम्पबेल यांची. नाव ‘डे फॉर नाइट’. शहरात ठिकठिकाणी बसवलेले कॅमेरे दिवसभराची दृश्यं टिपतात. त्यातली निवडक दृश्यं प्रक्रिया करून अंधार पडल्यावर माथ्यावर दाखवली जातात. शहराचा दिवस शहरालाच रात्री परत बघायला मिळतो. कॅम्पबेल यांनी एमआयटीतून गणित आणि इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगच्या पदव्या घेतल्या, सिलिकॉन व्हॅलीत नोकरी केली, प्रतिमा-प्रक्रियेतली डझनाहून जास्त पेटंटं त्यांच्या नावावर आहेत. गंमत अशी, की हे गृहस्थ एकीकडे हाय डेफिनिशन टीव्हीशी संबंधित उत्पादनांवर काम करत होते आणि दुसरीकडे, कलावंत म्हणून, चित्रातला तपशील किती काढून टाकला तरी ते ओळखू येतं याचा शोध घेत होते.

आधी एका दिव्याकडे बघू. दिसणारा लाल प्रकाश देणारी एलईडी निक होलोन्याक यांनी 1962 साली बनवली. पुढे हिरवी आली. निळी मात्र काही केल्या जमेना. गॅलियम नायट्राइडचे निर्दोष स्फटिक वाढवणं फार अवघड होतं. इसामु आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा या जपानी शास्त्रज्ञांच्या चिकाटीनंतर नव्वदच्या दशकात झगझगीत निळी एलईडी हाती आली, आणि त्याबद्दल तिघांना 2014 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. लाल, हिरवा आणि निळा असे तीन रंग मिळाल्यावर बाकीचे रंग वेगळे बनवावे लागले नाहीत. ते काम डोळ्यांनीच पत्करलं. आपल्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी तीनच प्रकारच्या असतात. लाल आणि हिरवा प्रकाश एकत्र डोळ्यांत शिरला की आपल्याला पिवळा दिसतो, मग त्या प्रकाशात पिवळ्या तरंगलांबीचा एक कणही नसला तरी चालतं. टॉवरवर दिसणारी अशी पिवळी छटा टॉवरवर नसतेच. ती आपल्या डोळ्यांत तयार होते.

उजेड कमी-जास्त करण्याची तऱ्हाही अशीच. एलईडी अर्ध्या तेजाने हवी असेल तर बहुतेक वेळा ती सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करतात, निम्मा वेळ पेटलेली, निम्मा वेळ विझलेली. आपल्याला ही उघडझाप कळत नाही. दिसतो तो फक्त मंद प्रकाश. अशा 256 पायऱ्या प्रत्येक रंगाला दिल्या की 256 गुणिले 256 गुणिले 256, म्हणजे 1 कोटी 67 लाखांहून जास्त छटा मिळतात. न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगवर 2012 साली एलईडी बसल्या, तेव्हा या आकड्याचा मोठा गाजावाजा झाला होता. त्याआधी तिथे रंग बदलायचा म्हणजे कामगारांनी वर जाऊन दिव्यांवरच्या रंगीत चकत्या हाताने बदलायच्या.

आता मूळ कोड्याकडे वळू. 11 हजारच का पुरतात?

पहिलं कारण अंतराचं. निरोगी डोळ्याला साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाइतकं अंतर असलेले दोन बिंदू वेगळे ओळखता येतात. गणित केलं तर दहा किलोमीटरवरून पाहताना तीन मीटरपेक्षा जवळ असलेले दोन दिवे आपल्याला एकच वाटतात. त्या अंतरावरून टॉवरचा सगळा माथाच पौर्णिमेच्या चंद्रबिंबाहून लहान दिसतो. तिथे वीतभर अंतरावर एक असे दिवे ठासून भरले, तरी दूरच्या माणसाला त्याचा काडीचा उपयोग नाही.

दुसरं कारण धूसरपणाचं, आणि हे जरा उलटं वाटेल. 1973 साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये लिओन हार्मन यांनी अब्राहम लिंकन यांच्या छायाचित्राचे सुमारे अडीचशे मोठाले चौकोन केले. जवळून नुसते करडे ठोकळे दिसत. पण डोळे किलकिले केले किंवा चार पावलं मागं सरकलं की लिंकन समोर! ठोकळ्यांच्या धारदार कडा चेहऱ्याच्या आड येत होत्या; त्या पुसल्या गेल्या की चेहरा वर येत होता. म्हणजे तपशील तेवढाच असताना चित्र आणखी धूसर केलं, तर ते जास्त ओळखू येतं. सेल्सफोर्स टॉवरवर नेमकं हेच साधलं आहे. तिथले दिवे बघणाऱ्याकडे तोंड करून नाहीत. ते आत, इमारतीच्या सच्छिद्र ॲल्युमिनियमच्या पत्र्यांकडे वळवलेले आहेत. आपल्याला दिसतो तो पत्र्यावर पडून परतलेला प्रकाश. प्रत्येक दिव्याचा डाग शेजारच्या डागात मिसळतो, कडा विरतात, आणि ठिपक्यांऐवजी चित्र दिसू लागतं. सॅन फ्रान्सिस्कोचं प्रसिद्ध धुकं माथ्यावर उतरलं तर ते या कामात आपलाही हात लावतं. फार दाट झालं, तर अख्खं चित्रच गिळून टाकतं.

तिसरं कारण मला सगळ्यांत विलक्षण वाटतं. हार्मन यांचा लिंकन गाजत होता त्याच वर्षी स्वीडनमध्ये गुन्नार योहान्सन यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसांच्या खांदे, कोपर, मनगट, गुडघे, घोटे अशा सांध्यांवर दहा-बारा चमकते ठिपके लावले आणि बाकी सगळं अंधारात ठेवून चित्रण केलं. चित्रण थांबवलं की पडद्यावर नुसते विखुरलेले ठिपके, अर्थ काहीच नाही. चालू केलं, की बघणारा क्षणात म्हणतो, ‘अरे, हा माणूस चालतोय!’ ओळख पटायला सेकंदाचा पाचवा भाग पुरतो. ठिपक्यांच्या रांगोळीत ठिपके जोडायला बोटं लागतात. इथे ते मेंदू जोडतो, पण ठिपके हलले तरच. म्हणून कॅम्पबेल यांची चित्रं हलती असतात. त्यातलं एखादं दृश्य फोटोत गोठवलं तर बऱ्याचदा रंगीत डागांपलीकडे काही कळत नाही. प्रत्यक्षात बघा, ती लाट असते, किंवा रस्ता ओलांडणारी माणसं.

अर्थात स्थिर आकारही चालतो, पण तो आधीच मनात ठसलेला हवा. 2018 च्या हॅलोविनला, 31 ऑक्टोबरच्या रात्री, लोकांनी सह्या गोळा करून मागणी केल्यावर या माथ्यावर ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधला सॉरॉनचा डोळा झळकला. नारिंगी ज्वाळांचं वर्तुळ, मधोमध काळी उभी फट. तेवढ्यावर काम भागलं. ज्यांनी तो चित्रपट पाहिला होता, त्यांना दिव्यांची संख्या विचारायची गरज पडली नाही.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला दुबईचा 828 मीटर उंचीचा बुर्ज खलिफा. त्याच्या दर्शनी भागाचा एलईडींनी अवाढव्य पडदा केला आहे. भारताच्या राष्ट्रीय सणांना त्यावर तिरंगा झळकलेला आपल्यातल्या अनेकांनी पाहिला असेल. तिथे बघणारे थेट पायथ्याशी जमतात, अक्षरं वाचतात, व्हिडिओ काढतात. जवळून बघायचं म्हणून दिवे अफाट लागतात. दोन्ही इमारतींचं गणित आपापल्या जागी बरोबर आहे. फरक आहे तो बघणारा कुठे उभा आहे याचा.

शिवाय बघणारी फक्त माणसंच नसतात. न्यूयॉर्कमध्ये दरवर्षी 11 सप्टेंबरच्या स्मरणार्थ 88 झेनॉन दिव्यांचे दोन झोत आकाशात सोडतात. त्यांचा अभ्यास 2017 साली प्रसिद्ध झाला. सात वर्षांतल्या अवघ्या सात रात्रींत त्या झोतांनी स्थलांतर करणाऱ्या सुमारे 11 लाख पक्ष्यांच्या वाटेवर परिणाम केला होता. दिवे बंद केले की घिरट्या घालणारे पक्षी काही मिनिटांत पांगून आपापल्या मार्गाला लागत. आता त्या झोतांत फार पक्षी अडकले, तर दिवे थोडा वेळ विझवतात. प्रकाशाची उधळपट्टी माणसाच्या डोळ्यांना फारसं काही देत नाही, आणि पाखरांची मात्र वाट चुकवते.

तेव्हा उंच इमारतीवर रोषणाई करू पाहणाऱ्या प्रत्येकाने दिव्यांची ऑर्डर देण्याआधी दोन प्रश्न विचारावेत: बघणारा किती लांब उभा असेल, आणि त्याचा डोळा स्वतःहून किती काम करेल? आपण बघणाऱ्यांनीही एक करावं. पुढच्या वेळी अशी इमारत दिसली, की फोन काढण्याआधी थोडं मागं सरकून, डोळे किलकिले करून तिच्याकडे पाहावं. फोन फक्त दिवे टिपतो. चित्र पुरं करायला तुमचा मेंदूच लागतो.