संगणक मराठी शब्द कसा फोडतो

‘आजोबा माळ्यावर चढले’ आणि ‘आजोबा माळ्यावर रागावले’ ही दोन वाक्ये वाचताना आपण क्षणभरही अडखळत नाही. पहिल्यात घराचा माळा आहे, दुसऱ्यात बागेतला माळी. दोन्ही नामांचे सामान्यरूप ‘माळ्या’ असेच होते, त्यामुळे ‘वर’ जोडल्यावर लिखाणात काहीच फरक उरत नाही. फोनवरचे भाषांतर, बोलून टाइप करण्याची सोय, सर्च, न्यायालयीन निकालांचा अनुवाद या सगळ्यांमागच्या यंत्राला असले गुंते सतत सोडवावे लागतात. या कामाच्या शास्त्राला नॅचरल लँग्वेज प्रोसेसिंग, थोडक्यात एनएलपी म्हणतात. मराठी वाक्य त्यातून जाते कसे, ते पायरीपायरीने पाहू.

पहिली पायरी अक्षरांची. संगणकाला अक्षर म्हणजे एक क्रमांक. युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक व्यंजनाला, मात्रेला आणि पाय मोडण्याच्या हलन्त चिन्हालाही स्वतंत्र क्रमांक दिला आहे. ‘महाराष्ट्र’ हा शब्द म्हणजे म, ह, काना, र, काना, ष, हलन्त, ट, हलन्त, र असे १० क्रमांक. यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीत यातला प्रत्येक क्रमांक ३ बाइट जागा घेतो, म्हणजे एकूण ३० बाइट. हेच नाव रोमन लिपीत लिहिले तर ११ अक्षरे आणि ११च बाइट.

मराठीचे खास दुखणे याच पायरीवर सुरू होते. ‘आचार्यांना बोलवा’ आणि ‘आचाऱ्यांना बोलवा’ यांतला फरक लग्नघरात कुणाला सांगावा लागत नाही. हा अर्धचंद्री ऱ तीन प्रकारे साठवलेला असू शकतो: ‘ऱ’चा स्वतंत्र क्रमांक, र आणि त्याखाली नुक्ता म्हणजे टिंब, किंवा र, हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात, पण सर्च त्यांना वेगळे शब्द समजू शकतो. म्हणून मजकूर आधी एकसारखा करून घ्यावा लागतो. हे करताना कुणी हिंदीच्या सवयीने नुक्ते काढून टाकले किंवा अदृश्य चिन्हे ‘कचरा’ म्हणून पुसली, तर ऱ्याचा र्य होतो. मग दऱ्या म्हणजे डोंगरातल्या खोल जागा राहत नाहीत, त्यांचा समुद्र होतो.

याहून मोठी मोडतोडही होऊन गेली आहे. गूगलने २०१८मध्ये बर्ट नावाचे मॉडेल प्रसिद्ध केले. त्याच्या बहुभाषक आवृत्त्यांपैकी एकीत युरोपीय भाषांमधली स्वरांवरची चिन्हे काढून टाकणारा नियम होता. तोच नियम देवनागरीवर चालला आणि उकार, एक मात्रा, अनुस्वार, हलन्त ही सगळी चिन्हे गळाली. काना, वेलांटी यांसारखी काही चिन्हे वाचली, कारण युनिकोडच्या वर्गवारीत ती वेगळ्या गटात आहेत. तुपाचे ‘तप’ झाले, तेलाचे ‘तल’, फुलाचे ‘फल’ आणि संताचे ‘सत’. पुढे गूगलनेच ती आवृत्ती बाजूला ठेवून दुसरी वापरा, असे सुचवले. आपली लिपी डोळ्यांपुढे नसताना लिहिलेला एक साधा नियम किती नासधूस करतो, ते यातून दिसते. मराठी येणारी माणसे या कामात पहिल्या दिवसापासून हवीत, असे मी म्हणतो ते यासाठीच.

दुसरी पायरी शब्द फोडण्याची, आणि मराठीसाठी मला हीच सर्वात महत्त्वाची वाटते. घर, घरात, घराला, घराच्या, घरासमोर, घरासमोरच्यांनीसुद्धा: एका नामाची रूपे मोजायला बसलो तर यादी लांबतच जाते. प्रत्येक रूप वेगळा शब्द धरला तर यंत्राचा शब्दसंग्रह पुरणार नाही. म्हणून शब्दाचे तुकडे करतात. त्यांना टोकन म्हणतात. तुकडे पाडण्याची आज रूढ असलेली एक पद्धत फिलिप गेज यांनी १९९४मध्ये मांडली, ती फाइल लहान करण्यासाठी. एडिंबरा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५-१६च्या सुमारास ती भाषांतरासाठी वापरली.

पद्धत अगदी सोपी आहे. समजा आपल्याकडे घरात, दारात, गावात, मनात एवढे चारच शब्द आहेत. आधी सगळी अक्षरे आणि मात्रा सुट्या करायच्या. मग शेजारशेजारची कुठली जोडी सर्वात जास्त वेळा येते ते मोजायचे. इथे काना आणि त ही जोडी चार वेळा येते, म्हणून त्यांचा ‘ात’ असा एक तुकडा करायचा. पुन्हा मोजायचे. आता र आणि ‘ात’ ही जोडी घरात आणि दारात अशी दोनदा सापडते, बाकीच्या सगळ्या एकेकदाच. म्हणून पुढचा तुकडा ‘रात’. व्याकरण जाणणारा माणूस ‘घरा’ आणि ‘त’ अशी फोड करील. या यंत्राने केली ‘घ’ आणि ‘रात’! त्याला विभक्ती माहीत नाही, फक्त वारंवारता माहीत आहे. चार शब्दांऐवजी कोट्यवधी शब्द दिले की ‘च्या’, ‘साठी’, ‘मध्ये’ असे उपयोगी तुकडे आपोआप वर येतात, पण ते येण्यासाठी त्या कोट्यवधी शब्दांत मराठी पुरेशी असावी लागते. बहुतेक मजकूर इंग्रजी असेल तर इंग्रजी शब्द अखंड राहतात आणि मराठी शब्दांचा चुरा होतो.

त्याचा भुर्दंड मोजता येतो. ओपनएआय कंपनीने मे २०२४मध्ये नवे मॉडेल आणताना स्वतःच आकडे दिले. नमुन्याच्या एका छोट्या मराठी मजकुराचे जुन्या पद्धतीत ९६ तुकडे पडत होते, नव्या पद्धतीत ३३. त्याच आशयाच्या इंग्रजी मजकुराचे आधी २७ होते, मग २४ झाले. या सेवांचे पैसे तुकड्यांवर आकारले जातात आणि एका वेळी किती तुकडे वाचायचे यालाही मर्यादा असते. म्हणजे तोच प्रश्न मराठीत विचारणाऱ्याला तो साडेतीनपट महाग पडत होता. एवढी सुधारणा झाली ती शब्दसंग्रह वाढवून, त्यात भारतीय भाषांना जागा दिली म्हणून.

दुसरा रस्ता व्याकरणाचा. मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११चे. नामाचे सामान्यरूप कसे होते, विहीरचे ‘विहिरीत’ होताना दीर्घ वेलांटी ऱ्हस्व का होते, हे आपल्याकडे केव्हाच बारकाईने लिहून ठेवलेले आहे. आयआयटी मुंबईत शब्दांमधले अर्थसंबंध नोंदवणारे मराठी वर्डनेट उभे राहिले आणि २०१०मध्ये तिथल्याच संशोधकांनी मराठी शब्दांची रूपे सोडवणारी प्रणाली मांडली. तिच्यात सारख्या रीतीने बदलणाऱ्या शब्दांचे गट आहेत. माझ्या मते, कमी मजकूर असलेल्या भाषेला हे ज्ञान बाजूला टाकणे परवडणारे नाही.

तिसऱ्या पायरीवर आपला माळा आणि माळी सुटतो. प्रत्येक तुकड्याला आकड्यांची एक लांब ओळ मिळते. बर्टच्या मूळ लहान आवृत्तीत ती ७६८ आकड्यांची होती. २०१७मध्ये गूगलच्या संशोधकांनी मांडलेल्या ट्रान्सफॉर्मर रचनेत वाक्यातला प्रत्येक तुकडा इतर तुकड्यांकडे पाहून आपले आकडे बदलतो. शेजारी ‘चढले’ असेल तर ‘माळ्यावर’चे आकडे जिना, छप्पर, अडगळ यांच्या जवळ सरकतात. ‘रागावले’ असेल तर माणसांच्या जवळ. हे शिकवायची युक्तीही साधी आहे. बर्टच्या प्रशिक्षणात शंभरातले सुमारे पंधरा तुकडे निवडून बहुतेक झाकतात आणि ते ओळखायला लावतात, असे कोट्यवधी वेळा.

उपयोग कुठे होतो, हे पाहताना सावधपणाही हवा. सर्वोच्च न्यायालयाने २०१९मध्ये निकालांच्या अनुवादासाठी सुवास ही प्रणाली आणली, तिच्यात मराठी आहे. पण ‘वादीने प्रतिवादीला ५०,००० रुपये द्यावेत’ या वाक्यात ‘ने’ आणि ‘ला’ यांची अदलाबदल झाली, तर पैसे उलट्या दिशेने जातील. यंत्राचा मसुदा जाणत्या माणसाने ओळ न् ओळ तपासल्याशिवाय वापरू नये.

मराठीची खरी अडचण मजकुराची आहे. पुण्याच्या एल३क्यूब गटाने २०२२मध्ये सुमारे २.४८ कोटी मराठी वाक्यांचा संग्रह सर्वांसाठी खुला केला आणि त्यावर महाबर्ट हे मॉडेल घडवले. मोलाचे काम आहे. त्यातला मोठा भाग मात्र बातम्यांचा, म्हणजे प्रमाण लिखित मराठीचा. वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी बोलणारा शेतकरी फोनशी बोलेल तेव्हा त्याचे बोलणे यंत्राला कळायचे असेल, तर ते बोलणे आधी कुणीतरी नोंदवून द्यायला हवे. मोझिलाच्या कॉमन व्हॉइसवर आणि केंद्र सरकारच्या भाषिणी प्रकल्पातल्या ‘भाषादान’वर कुणालाही मराठी वाक्ये वाचून आवाज देता येतो, दुसऱ्यांनी दिलेला तपासता येतो. पैसे लागत नाहीत. घरातल्या थोरांनाही सोबत बसवा, आणि वाचताना गावाकडचा हेल मुद्दाम झाकू नका.