नाताळचा रेडिओ आणि घरची माणसं

रेडिओवरचा जगातला पहिला कार्यक्रम म्हणून ज्याचा दाखला वर्षानुवर्षं दिला जातो, तो नवरा, बायको आणि ऑफिसातली सेक्रेटरी अशा तिघांनी मिळून बेतलेला नाताळचा कार्यक्रम होता. तारीख २४ डिसेंबर १९०६. ठिकाण मॅसॅच्युसेट्समधलं ब्रँट रॉक, अगदी समुद्रकाठी. रेडिओचा संशोधक रेजिनाल्ड फेसेंडननं तिथल्या आपल्या केंद्रावरून आधी फोनोग्राफवर हॅन्डेलचं संगीत लावलं, मग स्वतः व्हायोलिन वाजवून नाताळचं एक गाणं म्हटलं. पत्नी हेलन आणि सेक्रेटरीबाई बायबलमधला उतारा वाचणार होत्या. पण मायक्रोफोन पुढ्यात आला आणि दोघींच्या तोंडून शब्द फुटेना. शेवटी तेही फेसेंडननंच उरकलं. अटलांटिकवरच्या जहाजांतून कानाला यंत्र लावून बसलेल्या ऑपरेटरांना तोवर मोर्सच्या कट्ट-कडकट्टचीच सवय होती. त्यांच्या कानी त्या रात्री म्हणे माणसाचा आवाज पडला.

‘म्हणे’ अशासाठी, की ही हकिकत आली आहे खुद्द फेसेंडननं १९३२च्या जानेवारीत, म्हणजे पंचवीस वर्षांनी, लिहिलेल्या पत्रातून. त्याच वर्षी तो वारला. पुढे संशोधकांनी जहाजांच्या नोंदवह्या चाळल्या, त्यांत या रात्रीचा मागमूस मिळाला नाही. पक्की नोंद आहे ती त्याच्या तीन दिवस आधी, २१ डिसेंबरला, निमंत्रितांना दाखवलेल्या प्रयोगाची. माझं मत विचाराल तर तारखेचा घोळ असेलही, पण गोष्ट निव्वळ रचलेली वाटत नाही. खोटं रचणारा माणूस त्यात आपल्याच बायकोची फजिती कशाला घालेल?

फेसेंडननं ते पत्र लिहिलं त्याच वर्षीच्या नाताळात मायक्रोफोनला बिचकणारा आणखी एक गृहस्थ रेडिओवर आला. इंग्लंडचा राजा पाचवा जॉर्ज. सँड्रिंगहॅमच्या घरातली एक छोटी खोली, वेळ दुपारी तीनच्या सुमाराची. लघुलहरींवरून साम्राज्याच्या जास्तीत जास्त भागांत आवाज पोचावा म्हणून ती निवडलेली. भाषण लिहून दिलं होतं रुडयार्ड किपलिंगनं, म्हणजे मुंबईत जन्मलेल्या माणसानं. राजाचा हात थरथरे आणि कागदांची खसखस मायक्रोफोन टिपत असे, म्हणून टेबलावर जाड कापड अंथरलं होतं. लोकांनी ऐकला तो घरातल्या वडीलधाऱ्याचा शांत, धीमा आवाज. कापडाचं काम चोख झालं म्हणायचं.

आता डिसेंबर १९३६. विंडसर घराण्यात पाचव्या जॉर्जच्या थोरल्या मुलानं, आठव्या एडवर्डनं, ११ तारखेला गादी सोडली आणि धाकट्या भावाला राजा व्हावं लागलं. त्या नाताळात राजाचं भाषण झालंच नाही. तिकडे अमेरिकेत, त्याच नाताळात, दुसऱ्या एका घराण्यात थोरल्याच्या जागी धाकटा उभा राहिला. ते घराणं रंगभूमीवरचं, बॅरीमोरांचं. लायोनेल, एथेल आणि जॉन ही तिघं भावंडं नाटक-सिनेमातली बडी माणसं, ‘ई.टी.’ सिनेमातली छोटी ड्रू ही जॉनची नात. लायोनेल १९३४ पासून दर नाताळात सीबीएसवर डिकन्सच्या ‘ए ख्रिसमस कॅरल’मधला स्क्रूज करत असे, एका रात्रीत भुतांनी वठणीवर आणलेला तो कवडीचुंबक म्हातारा. १९३६च्या २४ डिसेंबरला लायोनेलची पत्नी आयरीन फेनविक गेली. दुसऱ्या दिवशी कार्यक्रम ठरल्याप्रमाणे झाला आणि स्क्रूज केला जॉननं. रेडिओवर खाडा चालत नाही.

लायोनेल पुढच्या वर्षी परतला, पण संधिवात आणि मोडलेलं खुब्याचं हाड यांनी त्याला लवकरच चाकाच्या खुर्चीला जखडलं. १९३८ मध्ये एमजीएमच्या सिनेमातला स्क्रूज त्याच्या हातून गेला, तो रेजिनाल्ड ओवेननं केला. त्या साली रेडिओवरही बदली झाली. मंगळावरून आलेल्या स्वारीचं नाटक करून दोनच महिन्यांपूर्वी अमेरिकेत खळबळ उडवून देणारा ऑर्सन वेल्स, वय वर्षं तेवीस, स्क्रूज झाला. १९३९च्या २४ डिसेंबरला मात्र वेल्सनं निवेदन स्वतःकडे ठेवून लायोनेलला त्याची भूमिका परत दिली. प्रायोजक होते सूप विकणारे कॅम्पबेल. तो प्रयोग आजही ऐकायला मिळतो. म्हाताऱ्याचा घोगरा, खेकसणारा स्वर शेवटी हळूहळू सैल पडत जातो, तो भाग मुद्दाम ऐकावा. सिनेमाला पाय लागतात, रेडिओला नाही. लायोनेल १९५३ पर्यंत स्क्रूज करत राहिला आणि १९५४च्या नोव्हेंबरात गेला.

गायक बिंग क्रॉस्बीचा मामला वेगळा. पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्याला तीन आठवडेही झाले नव्हते तेव्हा, १९४१च्या नाताळच्या दिवशी, त्यानं आपल्या कार्यक्रमात ‘व्हाइट ख्रिसमस’ पहिल्यांदा म्हटलं. पण रेडिओच्या दृष्टीनं त्याची मोठी करणी दुसरीच. आठवड्याच्या आठवड्याला ठरल्या वेळी स्टुडिओत हजर राहायचा त्याला कंटाळा, गोल्फ बुडे. १९४७ मध्ये त्यानं चुंबकीय टेपवर आधीच मुद्रित केलेला कार्यक्रम आणला आणि टेपची यंत्रं बनवणाऱ्या अँपेक्स कंपनीत पैसेही घातले. तेव्हापासून नाताळ कधीही करून ठेवता येऊ लागला. १९५० मध्ये गॅरी, फिलिप, डेनिस आणि लिंडसे या चारही मुलांना घेऊन त्यानं नाताळची रेकॉर्ड काढली. बापलेकांची थट्टामस्करी ऐकून असं हसतंखेळतं घर शेजारी असावं असं कुणालाही वाटलं असतं.

पुढे दूरचित्रवाणी आली, तरी नेम चुकला नाही. १९७७च्या सप्टेंबरात लंडनजवळ शेवटच्या नाताळचं चित्रण झालं, त्यात दुसरी पत्नी, तिची तिन्ही मुलं आणि पाहुणा म्हणून गायक डेव्हिड बोवी होता. १४ ऑक्टोबरला बिंग स्पेनमध्ये गोल्फ खेळून परतताना कोसळला. ३० नोव्हेंबरला अमेरिकेनं त्याला पडद्यावर नाताळ साजरा करताना पाहिलं. १९८३ मध्ये थोरल्या गॅरीचं पुस्तक आलं, आणि त्यातला बाप मुलांना पट्ट्यानं मारणारा निघाला. फिलिपनं ते जाहीरपणे नाकारलं, वडिलांची बाजू घेतली. रेकॉर्डवर मात्र हे दोघे भाऊ अजून एकाच मायक्रोफोनसमोर उभे राहून गातात.