दोघेच, दोन दिवस, पणजी

‘‘दोघंच? आणि मुलगा?’’

शनिवार-रविवार पणजीला जाणार असल्याचे स्टाफरूममध्ये सांगितले तेव्हा पहिला प्रश्न हा आला. मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि आईबाबांबरोबर फिरण्यात त्याला काडीचाही रस नाही, हे सांगून झाले. मग दुसरा प्रश्न : ‘‘काही विशेष? मंगेशीला नवस वगैरे?’’ आपल्याकडे नवरा-बायकोने सहज म्हणून कुठे जायचे ते लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात. पुढे देव, लग्नकार्य नाहीतर डॉक्टर, यांपैकी एक कारण लागतेच.

आमच्या लग्नाला एकवीस वर्षे झाली. एवढ्या काळात ‘दोघेच’ म्हणून आम्ही एकदा गेलो होतो, लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाला, म्हैसूरला. तेव्हा मी वहीत चक्क वेळापत्रक आखले होते. सकाळी राजवाडा, मग प्राणिसंग्रहालय, दुपारी चामुंडी टेकडी, संध्याकाळी वृंदावन उद्यान. सगळे पाहिले. रिक्षाच्या भाड्यावरून आमचे जे बिनसले ते बेळगाव येईपर्यंत मिटले नाही. वृंदावनातली कारंजी मी रागाच्या भरात पाहिली, त्यामुळे ती आज आठवतही नाहीत.

या वेळी विषय काढला सासूबाईंनी. मामंजी चार वर्षे अंथरुणाला खिळून होते, ते गेल्या वर्षी गेले. घरातली औषधांची, नर्सची, पाळ्यांची धावपळ थांबली. पण आमची सवय तशीच राहिली. रात्री बोलायचे ते नळाला पाणी कधी येणार, सिलिंडर लावला का आणि मुलाची फी भरली का, एवढेच. एका संध्याकाळी भाजी निवडता निवडता त्या म्हणाल्या, ‘‘जावा की कुठंतरी दोघं. आम्ही जाऊ जाऊ म्हणत राहिलो आणि ह्यांचे पाय गेले.’’ हे पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटले नाही, एवढे मी पाहिले.

पणजी ठरवण्यामागे साधा हिशेब होता. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट उतरून साखळी आणि पुढे पणजी, हे अंतर एकशेदहा किलोमीटरच्या आसपास. सकाळच्या बसला बसले की जेवायच्या वेळेला तिथे. दोन दिवसांच्या सहलीत प्रवासातच जीव गेला तर एकमेकांशी बोलायला अंगात त्राण राहत नाही. दुसरे म्हणजे हे शहर पायी फिरण्याजोगे आहे. कदंब स्टँडवर उतरून पाटोची खाडी ओलांडली की दहा-पंधरा मिनिटांत फोंताइन्यश. रिक्षा नको आणि भाड्यावरून भांडणही नको! शिवाय आपल्याला ते शहर परके वाटत नाही. ज्या मांडवीच्या काठी पणजी वसली, ती आपल्या खानापूर तालुक्याच्या रानात उगम पावणारी म्हादईच. तिच्या पाण्यावरून दोन राज्यांत काय चालले आहे ते आपण पेपरात वाचतोच, तो विषय या पानावर नको.

दिवस मात्र बघून ठरवावेत. नोव्हेंबरात चित्रपट महोत्सव, ८ डिसेंबरला मोठ्या चर्चचे फेस्त, नाताळ ते नवे वर्ष आणि मग कार्निव्हल. या दिवसांत खोल्या मिळत नाहीत, मिळाल्या तर दर ऐकून घरी बसावेसे वाटते. पावसाळ्यात घाट सुंदर दिसतो. पण धुके आणि दरडी यांचा भरवसा नसतो. आम्ही जानेवारीतला दुसरा आठवडा निवडला. राहायची जागा मुलाने फोनवरून शोधून दिली. सोबत दोघांची ओळखपत्रे घ्यायला विसरू नका. माझ्या आधार कार्डावर, पदवीच्या कागदांना जुळते म्हणून, माहेरचेच आडनाव आहे. लॉजच्या काउंटरवरचा मुलगा एकदा माझ्याकडे, एकदा यांच्याकडे पाहू लागला. आम्ही पंचेचाळिशी ओलांडलेली माणसे, माझ्या पिशवीतून घरच्या चकल्या डोकावत होत्या. हे गंभीरपणे म्हणाले, ‘‘पळून आलोय. घरी कळवू नका.’’ तो मुलगा हसला की नाही ते मी पाहिले नाही. मीच हसत होते. यांना असे बोलता येते, हे मी विसरूनच गेले होते.

फोंताइन्यश ही पणजीतली जुनी वस्ती, आल्तिनो टेकडी आणि खाडी यांच्या मधली. पिवळी, निळी, विटकरी घरे, लाकडी सज्जे, दारावर चिनी मातीच्या नावपाट्या. अलीकडे तिथे फोटोवाल्यांची एवढी गर्दी होते, की रहिवाशांनी वैतागून सूचना लावल्या आहेत. त्यांचेही बरोबरच आहे. आपल्या उंबऱ्यावर अनोळखी माणसे पोझ देत बसली तर आपण खपवून घेऊ का? त्यासाठी सकाळी सातच्या सुमारास जावे. रस्ता मोकळा असतो आणि पोदेर सायकलवर पाव घेऊन भोंपू वाजवत येतो. गल्लीतल्या सेंट सेबॅस्टियनच्या चॅपेलमधला क्रूसावरचा ख्रिस्त डोळे उघडे ठेवून आहे. एरवी तो मिटल्या डोळ्यांचा, मान खाली घातलेला दिसतो.

तिथून नदीकडे आले की जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारीयाचा पुतळा. १७५६ साली कांदोळीला जन्मलेला हा पाद्री युरोपात संमोहनविद्येच्या आद्य अभ्यासकांपैकी एक ठरला. समोरच्या बाईवर हात उगारून मोहिनी घालतो आहे, असा तो पुतळा आहे. त्यावर यांनी केलेला विनोद इथे छापण्यासारखा नाही. दुपारी उन्हात भटकण्यापेक्षा मी यांना पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात ओढून नेले. मूळ संस्था १८३२ सालची, आणि आज नाव कृष्णदास शामांचे, ज्यांनी सोळाव्या शतकात गोव्यात मराठी कृष्णकथा लिहिली. मराठीच्या प्राध्यापिकेला एवढी सूट मिळायला हवी. हे तासभर खुर्चीत चक्क झोपले. मी उठवले नाही.

खरे सांगायचे तर पहिल्या संध्याकाळी आमच्याकडे बोलायला काही नव्हते. मांडवीच्या काठाने चालत मिरामारकडे निघालो. मुलाचे बोलून झाले, सासूबाईंना फोन करून झाला, मग अर्धा तास गप्प. नदीत कॅसिनोच्या बोटींचे दिवे डोळ्यांवर येत होते. माझ्या मनात आले, एवढ्यासाठी खर्च केला? म्हैसूरसारखी यादी असती तर निदान ‘आता कुठे’ हे तरी बोललो असतो. पण यादी नव्हतीच. आम्ही तसेच चालत राहिलो.

रविवारी सकाळी पातळ भाजी, बन आणि चहा घेतला आणि बेतीच्या फेरीबोटीत बसलो. पायी जाणाऱ्याला तिकीट नाही. पलीकडे मासेवाल्यांची वर्दळ पाहायची, त्याच बोटीने परत यायचे, पुन्हा जायचे. दुसऱ्या खेपेला, कठड्याला टेकून, माझ्याकडे न पाहता हे म्हणाले, ‘‘मी व्हीआरएस घ्यायचं म्हणतोय.’’

बँकेत यांना सव्वीस वर्षे झाली. टार्गेट, बदलीची टांगती तलवार, रक्तदाब हे सगळे मला माहीत होते, असे मी समजत होते. हा विचार सहा महिने यांच्या मनात होता, हे मात्र माहीत नव्हते. ‘‘मग बोलला का नाहीत?’’ ‘‘कुठं बोलणार? स्वयंपाकघरात आई, हॉलमध्ये टीव्ही. आणि तू पेपर तपासत असतेस.’’ मला राग आला. मुलाची अजून दोन वर्षे आहेत, घराचे हप्ते आहेत, ते सगळे मी तिथेच बोलून दाखवले. बोट काठाला लागली, माणसे उतरली, दुसरी चढली. आम्ही उतरलोच नाही. किती खेपा झाल्या ते मोजले नाही, तिकीटवाला नसल्याने कुणी विचारलेही नाही. शेवटी माझ्याजवळच्या तिकिटाच्या पाठीवर आम्ही हप्ते, फी आणि माझा पगार मांडून बघितला. बेरीज जमली नाही. पण अगदीच अशक्य नव्हती.

परतताना दुपारचीच बस घ्यावी, घाटात उजेड असतो. कणकुंबीला थंडी वाजली तेव्हा यांनी खिडकी ओढली आणि विचारले, ‘‘आईला सांगायचं?’’ मी म्हटले, ‘‘आधी आपण दोघं नीट बोलू.’’

अर्ज अजून दिलेला नाही. घरी सासूबाईंनी विचारले, काय काय बघितले? आम्ही एकमेकांकडे पाहिले. ‘‘नदी,’’ हे म्हणाले. ‘‘एवढंच? त्याच्यासाठी दोन दिवस?’’ असे म्हणून त्यांनी पिशवीतल्या चकल्या मोजल्या. निम्म्या तशाच परत आल्या होत्या.