सार्वजनिक प्रसारण आणि पॉडकास्टची भाषा

पॉडकास्ट म्हणजे श्रोत्याला सवडीने, हव्या त्या वेळी ऐकता येणारी ध्वनिमालिका. बीबीसी या ब्रिटनच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेचे पॉडकास्ट ऐकताना विषयांचे वैविध्य चटकन जाणवते. भाषेच्या अभ्यासकाला मात्र त्याहून महत्त्वाचे वाटते ते प्रयुक्तींचे वैविध्य. १९९८ साली सुरू झालेल्या ‘इन अवर टाइम’मध्ये अभ्यासक एकाच विषयावर बोलतात, पारिभाषिक संज्ञा आली की सूत्रसंचालक श्रोत्याच्या वतीने खुलासा मागतो. १९४२ पासूनच्या ‘डेझर्ट आयलंड डिस्क्स’मध्ये पाहुणा आवडीच्या आठ ध्वनिमुद्रिकांच्या निमित्ताने आयुष्य सांगतो. तेथे अडखळणे आणि थांबणेही अर्थपूर्ण ठरते. बातमीपत्रात तेच दोष मानले जातील.

कालवाचक शब्दांचा प्रश्न अधिक रोचक आहे. रेडिओवरील ‘आत्ता’, ‘आज रात्री’ हे शब्द वक्ता व श्रोता एकाच क्षणी उपस्थित आहेत असे गृहीत धरतात. तोच भाग दोन वर्षांनी ऐकणाऱ्याचा ‘आज’ कोणता? म्हणून टिकाऊ कार्यक्रमात तारीख स्पष्ट सांगावी लागते, किंवा असे शब्द टाळावे लागतात.

बीबीसीच्या देशांतर्गत सेवांचा मोठा खर्च ब्रिटिश कुटुंबांच्या परवाना शुल्कातून भागतो. सर्वांकडून पैसा घेणाऱ्या संस्थेला, श्रोते थोडे म्हणून एखादा विषय सहज वगळता येत नाही. (खाजगी निर्मात्यावर हे बंधन नसते.)

बीबीसीची मराठी सेवा २०१७ मध्ये सुरू झाली. तिच्या ‘गोष्ट दुनियेची’ या पॉडकास्टचा एक भाग ऐकावा आणि त्यातील कालवाचक शब्दांची यादी करावी.