चेंदामेंदा चालेल, गंज नको!

आगरदांड्याच्या धक्क्यावर दिघीला जाणाऱ्या फेरीबोटीत गाड्या चढताना पाहिल्यात का रे कधी? त्या रांगेत मनातल्या मनात एक जुनी फियाट उभी करा. प्रीमियर पद्मिनी म्हणा हवं तर. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून तुमचे आजीआजोबा तिला नक्की ओळखतील. कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची ती.

आता समजा, ही फियाट किनाऱ्यावरच्या एका वाडीत वर्षानुवर्षं पडून होती आणि 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळात तिच्यावर नारळ कोसळला. टप खाली बसला, काचांचा चुरा झाला, दार वाकडं. ही गाडी पुन्हा रस्त्यावर धावेल?

भंगारवाला वजनकाटा काढेल. मुरलेला डेंटर मात्र त्या चेपलेल्या टपाकडे फारसं बघणारही नाही. तो खाली बसून दाराखालचा पत्रा स्क्रूड्रायव्हरनं टोचून बघेल. टण्ण वाजलं तर खूश. भसकन भोक पडलं, तर कपाळाला हात!

कारण वाकला तरी पत्रा पत्राच असतो, लोखंड कुठे पळून गेलेलं नसतं. आतून लोखंडी ठोकळा धरायचा, बाहेरून हातोडी मारत तो सरळ करायचा. गंमत पुढेच आहे. मार खाऊन पत्रा ताणला जातो, म्हणजे त्याच जागेत आता जास्तीचा पत्रा होतो. मग तिथे फुगवटा येतो, दाबला की पॉक् करून आत जातो आणि पुन्हा बाहेर. तेवढाच ठिपका डेंटर लालभडक तापवतो. ठिपक्याला पसरायचं असतं, पण भोवतीचा थंड पत्रा त्याला जागाच देत नाही. म्हणून तो दबून जाड होतो. मग ओलं फडकं, चर्रर्र! थंड होताना ठिपका आकसतो आणि भोवतीचा ढिला पत्रा खेचून घेतो.

गंजाचं तसं नाही. लोखंड, हवेतला ऑक्सिजन आणि पाणी मिळून तो वेगळाच पदार्थ तयार होतो. त्याचा थर आंबोळीसारखा जाळीदार, त्यामुळे खालच्या लोखंडापर्यंत हवा-पाणी पोचतच राहतं. त्यात आपली खारी हवा! गंजताना लोखंडात चक्क बारीकशी वीज वाहते आणि खाऱ्या पाण्यातून वीज साध्या पाण्यापेक्षा सहज जाते. म्हणून किनाऱ्यावर गंज धावत सुटतो.

जुन्या जीपला खाली वेगळी दणकट चासी असते. फियाटला ती नाही. पत्र्याची पेटीच सगळा भार पेलते. तळ गंजला की गाडीचा कणाच गेला. तरी इलाज आहे. चांगलं लोखंड लागेपर्यंत कुजका पत्रा कापायचा आणि नवा वेल्डिंगनं जोडायचा. पण सगळंच कापावं लागलं, तर जुनी गाडी उरलीच कुठे?

माज्जोरे सरोवराच्या स्वित्झर्लंडमधल्या भागात 1925 ची एक बुगाटी गाडी सत्तरहून जास्त वर्षं बुडून होती. 2009 मध्ये तिला वर काढलं, तेव्हा तिचा पार सांगाडा झाला होता. पुढच्याच वर्षी लिलावात तिला 2 लाख 60 हजार युरो मिळाले! घेणाऱ्यानं ती दुरुस्त न करता तशीच संग्रहालयात ठेवली. मला हे फार आवडलं. बरं, ते सरोवर गोड्या पाण्याचं. आपल्या खाऱ्या राजपुरीच्या खाडीत बुडाली असती तर एवढी तरी उरली असती का, शंकाच आहे.

आपल्याकडे 50 वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाड्यांना 2021 च्या नियमांनुसार 'व्हीए' अक्षरांची खास नंबरप्लेट मिळते. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेला मात्र चालत नाही. त्यामुळे दुरुस्ती करणाऱ्याला हातोडी मारतानाही विचार करावा लागतो.

आता तुमचं काम. चार साधे लोखंडी खिळे घ्या. चकचकीत, जस्ताचा मुलामा दिलेले नकोत. एक कोरड्या पेल्यात ठेवा, एक अर्धा साध्या पाण्यात, एक अर्धा मिठाच्या पाण्यात. चौथ्याला खोबरेल तेल चोपडून तोही मिठाच्या पाण्यातच. आठवडाभर रोज बघा आणि चौथ्याचं काय झालं ते आम्हाला पत्रानं कळवा.