एकाच साच्यातील प्रथिने

घरातील ज्येष्ठांची कंबर दुखू लागली, जिना चढताना धाप लागू लागली आणि तपासणीत हिमोग्लोबिन नऊवर आलेले दिसले, की आपल्या समाजात त्याची कारणे तयारच असतात. वय झाले, वर्षीतप झाला, शाकाहारामुळे बी-१२ कमी पडले. पुष्कळदा ही कारणे खरीही असतात. लोहाच्या गोळ्या, बी-१२ची इंजेक्शने आणि दुखण्यावरची एखादी गोळी यांत सहा महिने निघून जातात. मात्र त्याच कागदावर ‘एकूण प्रथिने’ या ओळीसमोर कधी ९.८ असा आकडा असतो, आणि तो पाहून घरच्यांना उलट समाधान वाटते की प्रथिने तरी भरपूर आहेत!

वास्तविक या आकड्याचा ताटातील डाळीशी फारसा संबंध नसतो. ती एक बेरीज आहे. यकृतात तयार होणारे अल्ब्युमिन आणि उरलेली सर्व ग्लोब्युलिने मिळून साधारणतः ६ ते ८ ग्रॅम दर डेसिलिटर हा आकडा येतो. ताळेबंदाची केवळ शेवटची बेरीज वाचून कोणते खाते फुगले आहे हे समजत नाही, तसेच येथे आहे. ९.८ पैकी अल्ब्युमिन ३.५ असेल, तर ग्लोब्युलिन ६.३ झाले, म्हणजे नेहमीच्या जवळजवळ दुप्पट. ग्लोब्युलिनांत मोठा वाटा प्रतिपिंडांचा असतो. ती एवढी का वाढली, हा प्रश्न त्या क्षणी विचारला गेला पाहिजे.

प्रतिपिंडे म्हणजे रोगजंतूंशी झुंजणारी प्रथिने. अस्थिमज्जेतील प्लाझ्मा पेशी ती बनवतात. प्रत्येक प्रतिपिंडात दोन जड आणि दोन हलक्या साखळ्या असतात आणि प्रत्येक पेशीवंशाचा साचा निराळा असतो. त्यामुळे निरोगी रक्तात असंख्य प्रकारची प्रतिपिंडे थोडी थोडी आढळतात. मल्टिपल मायलोमा या कर्करोगात एकाच प्लाझ्मा पेशीची संतती बेसुमार वाढते आणि एकाच साच्यातील प्रथिन रक्तात ओतत राहते. हे प्रथिन संरक्षणाच्या कामाचे नसते. कामाची प्रतिपिंडे मात्र घटतात, म्हणून रुग्णाला पुनःपुन्हा न्यूमोनिया होतो. मज्जेत दाटी झाल्याने तांबड्या पेशी कमी होतात. हाडे झिजवणाऱ्या पेशी चेकाळतात, हाडांना छिद्रे पडतात आणि त्यांतील कॅल्शियम रक्तात उतरते. कंबरेचे ते दुखणे कधी कधी मणका खचल्याचे असते.

या प्रथिनाची पहिली ओळख लंडनमध्ये १८४५ साली पटली. पंचेचाळिशीच्या सुमाराचा एक प्रतिष्ठित किराणा व्यापारी छाती-पाठीच्या असह्य वेदनांनी अंथरुणाला खिळला होता. जळवा लावून झाल्या, लोह आणि क्विनाइनने थोडे दिवस उतारही पडला. डॉ. विल्यम मॅकिन्टायर यांनी त्याचे मूत्र तापवून पाहिले तेव्हा त्यात साका धरला, पण तो नेहमीच्या अल्ब्युमिनसारखा वागेना. नायट्रिक आम्ल घालताच तो विरघळे, निवताच पुन्हा घट्ट होई आणि तापवताच परत पातळ. डॉ. थॉमस वॉटसन यांनी त्या मूत्राची नळी रसायनज्ञ वैद्य हेन्री बेन्स जोन्स यांच्याकडे धाडून हे काय आहे, असे विचारले. रोगी दिवसाला साठ ग्रॅमहून अधिक प्रथिन गमावत आहे, असा हिशेब बेन्स जोन्स यांनी मांडला. १ जानेवारी १८४६ रोजी तो व्यापारी मरण पावला. शवविच्छेदनात त्याची हाडे इतकी मऊ आढळली की सुरीने सहज चुरगळत होती.

ते प्रथिन नेमके काय, याचे उत्तर मिळण्यास ११६ वर्षे लागली. १९६२ मध्ये जेरल्ड एडेलमन आणि जोसेफ गॅली यांनी दाखवून दिले की बेन्स जोन्स प्रथिन म्हणजे प्रतिपिंडाच्या सुट्या हलक्या साखळ्याच होत. त्या आकाराने लहान असल्याने मूत्रपिंडाच्या गाळणीतून पार होतात आणि पुढच्या नलिकांत अडकून त्या तुंबवतात. प्रतिपिंडाच्या रचनेवरील संशोधनासाठी एडेलमन यांना रॉडनी पोर्टर यांच्यासह १९७२ चे नोबेल मिळाले.

या व्याधीची भावंडेही आहेत. स्वीडनचे यान वाल्डेनस्ट्रॉम यांनी १९४४ मध्ये नाका-तोंडातून रक्त जाणाऱ्या दोन रुग्णांचे वर्णन केले. त्यांच्या रक्तात अवाढव्य आकाराचे प्रथिन साचून रक्तच दाट झाले होते. अमायलॉइडोसिसमध्ये हलक्या साखळ्या चुकीच्या घडीत दुमडतात आणि हृदयात, मूत्रपिंडात किंवा जिभेत थर धरतात. उलटपक्षी, असे प्रथिन अल्प प्रमाणात असूनही काहीच त्रास नसलेली माणसे पुष्कळ. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या रॉबर्ट काइल यांनी या अवस्थेला १९७८ मध्ये ‘एमगस’ हे नाव दिले. तेथील पाहणीत पन्नाशीपुढील शंभरांपैकी सुमारे तिघांत ती आढळली. त्यातून गंभीर आजार उद्भवण्याचा धोका वर्षाला शेकडा एक इतकाच. उपचार नाहीत, फक्त ठरावीक काळाने तपासणी करावयाची. घाबरून दहा डॉक्टर पालथे घालण्याचे कारण नाही.

ग्लोब्युलिन जंतुसंसर्ग, यकृतविकार वा संधिवातातही वाढते, म्हणून पुढली पायरी ‘सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस’. विजेच्या साहाय्याने प्रथिने पसरवली की निरनिराळ्या प्रतिपिंडांची रुंद, बसकी टेकडी दिसते. एकाच साच्याचे प्रथिन असेल तर अरुंद, उंच सुळका उभा राहतो. काही रुग्णांत केवळ हलक्या साखळ्याच तयार होतात. तेव्हा एकूण प्रथिने अगदी व्यवस्थित दिसू शकतात आणि मूत्राच्या साध्या पट्टीवरही त्या सहसा उमटत नाहीत. त्यासाठी रक्ताची ‘फ्री लाइट चेन’ चाचणी लागते. अंतिम निर्णय अस्थिमज्जेच्या तपासणीनंतर होतो.

मायलोमाच्या रुग्णाने मूत्रपिंडे जपण्यासाठी डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे भरपूर पाणी प्यावे लागते आणि दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या टाळाव्या लागतात. येथे आपल्या घरांत खरा पेच उभा राहतो. जन्मभर चौविहार पाळलेल्या आजींना सूर्यास्तानंतर पाणी घ्या, असे कोणी सांगावे? पच्चक्खाणाच्या पाठातच समाधी टिकविण्यासाठी औषधादी घेण्याचा आगार ठेवलेला आहे, हे अनेकांच्या ध्यानात नसते. महाराजसाहेबांपुढे डॉक्टरांची चिठ्ठी ठेवून मोकळेपणाने विचारल्यास पुष्कळदा मार्ग निघतो. लपवून केलेला उपवास मात्र डॉक्टरांना केवळ क्रिएटिनिनच्या वाढत्या आकड्यात दिसतो.

आजार बहुधा समूळ जात नाही, तरी बोर्टेझोमिब, लेनालिडोमाइड आणि स्वतःच्याच मूळपेशींचे प्रत्यारोपण यांमुळे अनेकांना कैक चांगली वर्षे लाभतात. जेनेरिक औषधांनी खर्चही खाली आला आहे. विशेष म्हणजे १९७५ मध्ये केंब्रिज येथे कोहलर आणि मिलस्टाइन यांनी उंदराच्या मायलोमा पेशींच्याच अखंड वाढीचा उपयोग करून हवे ते प्रतिपिंड एकाच साच्यात बनविण्याची युक्ती शोधली. तिच्यातून पुढे प्रतिपिंडरूपी औषधांची परंपराच उभी राहिली. मायलोमावरील डाराटुमुमॅब त्यांपैकीच एक. ते घेणाऱ्या रुग्णाच्या इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये कधी कधी त्या औषधाचीच बारीक रेघ उमटते आणि ती आजाराची नव्हे, हे प्रयोगशाळेला पारखून घ्यावे लागते.